पासमलरचा शेवट: राधाला का मारलं?

गवतीचहा

१९६१ चा तमिळ पिक्चर आहे त्यामुळे शेवट फोडला म्हणून कोणी ओरडू नका, धागाच शेवटावर काढलाय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी पटकन गोष्ट. राजू (शिवाजी गणेशन) आणि राधा (सावित्री) हे आईबाप नसलेले भाऊबहीण. राजू कारखान्यात कामगार, आनंदन (जेमिनी गणेशन) त्याच्या बरोबरीचा दोस्त. कारखाना बंद पडतो, राधाने घरी खेळणी करून हजार रुपये साठवलेले असतात ते ती भावाच्या हातात ठेवते आणि त्यावर तो स्वतःचा खेळण्यांचा धंदा काढतो, बघता बघता शेठ होतो. मग आनंदन नोकरी मागायला येतो, नोकरी मिळते, आणि त्याचं आणि राधाचं जमतं. आता राजूला आनंदन मित्र म्हणून चालतो, नोकर म्हणून चालतो, मेव्हणा म्हणून मात्र चालत नाही. पुढे बहिणीसाठी नमतो, लग्न लावून देतो, पण अट अशी की दोघांनी माझ्याच घरात राहायचं. मग आनंदनची आत्या येते आणि एकेकाचे कान भरून घराची पार वाट लावते. राजू सगळं सोडून तीर्थयात्रेला निघून जातो. दिवाळीत परत येतो, फटाक्यापासून एका लेकराला वाचवताना डोळे जातात, आणि मग तो आंधळा राजू आणि खंगलेली राधा एकमेकांचे हात धरून लहान पोरांचं बडबडगीत म्हणतात आणि जातात. दोघंही! एकदमच!

भाऊ मेला इथपर्यंत मी समजू शकते. पण राधाला नवरा आहे, पदरात मूल आहे, तिला का मारलं? माझं मत सांगते. पिक्चर मध्यात घाबरलाय. मालक आणि नोकर, कालचा मजूर आज मजुराच्या हातात बहीण द्यायला नाही म्हणतो, केवढा मोठा प्रश्न हातात घेतला होता, आणि उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा गावाहून आत्या बोलावली. सगळं पाप आत्याच्या पदरात टाकलं की राजूला काही विचारायला नको. आणि आपण रडत असताना प्रश्न विचारत नाही हे दिग्दर्शकाला पक्कं माहीत होतं, म्हणून एक नाही दोन प्रेतं.

माटुंगा_ईस्ट

धाग्याबद्दल धन्यवाद, पण "घाबरलाय" ला साफ असहमत.

आमच्या इथे अरोरा थिएटरला तमिळ पिक्चर लागायचे, शेजारच्या अक्का आणि त्यांच्या जावा मिळून जायच्या आणि येताना डोळे सुजवून यायच्या, त्यामुळे पासमलर हे नाव मी पिक्चर बघायच्या कितीतरी आधी ऐकलेलं. आजही तमिळ घरात भाऊबहिणीचं जरा जास्तच गूळपीठ दिसलं की "आले बघा पासमलर" म्हणून टोमणा मारतात. साठ वर्षांनी टोमण्यात शिल्लक राहणारा पिक्चर रडवून रडवून पैसे काढणारा असेल तर मग काय बोलणार.

राधाला मारलं कारण तिला जगवून करायचं काय होतं? भाऊ गेल्यावर ती त्याच घरात, त्याच नवऱ्याबरोबर, आत्याने जे केलं ते नुसतं बघत बसलेल्या नवऱ्याबरोबर सुखाने संसार करते, असं दाखवलं असतं तर तुम्हीच इथे येऊन लिहिलं असतं की बाईला माफ करायला लावलं. तिचं मरण हा तिने नवऱ्याला दिलेला निकाल आहे: मी आत्याच्या बाजूची नाही, तुझ्याही नाही, मी भावाच्या बाजूची.

बाळ्या_गिरणगाव

मरण हा निकाल वगैरे ठीक आहे, पण मला वेगळंच खटकलं.

माझे वडील गिरणीत होते त्यामुळे असेल, पण मी पूर्ण वेळ कारखान्याकडेच बघत होतो. आनंदन कामगारांची बाजू घेऊन राजूसमोर उभा राहतो तो सीन आठवा. शिवाजी खुर्चीत, हातात पेन्सिल, तोंडाने फारसं काही बोलायच्या आत त्या पेन्सिलीशी चाललेला खेळ. एक माणूस पूर्वी याच बाजूला उभा होता आणि आता टेबलाच्या पलीकडे बसलाय हे त्याला स्वतःलाच सहन होत नाहीये, असं मला वाटलं. भारतीय सिनेमात मालक झालेल्या मजुराची लाज इतकी चांगली क्वचित दिसते.

आणि पुढे? लग्न झालं की आनंदन गप्प. युनियन गायब. कामगार गायब. पुढारी मालकाचा जावई झाला, म्हणजे मेव्हणा झाला, आणि उरलेल्यांचं काय झालं ते कोणी सांगतच नाही. त्यामुळे गवतीचहा यांचं "घाबरलाय" मला पटतं, फक्त तो शेवटी नाही घाबरला, लग्नाच्या मांडवातच घाबरला.

मु_पो_अड्यार

चेन्नईत बरीच वर्षं काढली आहेत म्हणून थोडं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

बाळ्याभाऊ, मांडवाची गोष्ट काढलीत तर "वाराय एन तोळी" हे एल. आर. ईश्वरीचं गाणं तिथे अजून लग्नात वाजतं, बँडवाल्याला सांगावंही लागत नाही. लोकांनी पिक्चरमधलं दुःख बाजूला ठेवून लग्न तेवढं उचललं, गंमत आहे.

आता मुद्दा. मला वाटतं सगळे "घरात राहायची अट" फार हलक्यात घेताय. तमिळ समाजात घरजावयाला, म्हणजे वीटोड माप्पिळ्ळैला, आपल्याइतकीच किंवा जास्तच टिंगल सोसावी लागते. राजू लग्नाला हो म्हणतो पण आनंदनला बरोबरीचा करत नाही, आधी पगारावर होता आता जेवणावर आहे. म्हणजे पायरी गेलेली नाही, ती घरात आणून ठेवलीये. कारखान्यातली युनियन गायब झाली हे खरं, पण तोच तंटा आता स्वयंपाकघरात चाललाय. आत्या कोण आहे मग? ती आनंदनच्या बाजूची नातेवाईक आहे आणि ती येऊन म्हणते की हे घर आमचंपण आहे. वाईट पद्धतीने म्हणते, कपटाने म्हणते, पण म्हणते तेच जे आनंदनला कधीच म्हणता आलं नाही. त्यामुळे आत्या बाहेरून आणून चिकटवलेली नाही हो, तिला राजूच्या अटीनेच आत घेतलंय.

आणि एक गोष्ट, जी पिक्चरबाहेरची आहे पण मला ती कळल्यापासून डोक्यातून जात नाही. दिग्दर्शक ए. भीमसिंग सुरुवातीला कृष्णन-पंजू या दिग्दर्शक जोडीकडे सहायक होते, आणि त्यांनी लग्न केलं ते त्यातल्या कृष्णन यांच्या बहिणीशी. म्हणजे साहेबाची बहीण आणि हाताखालचा माणूस ही जागा त्यांना ऐकीव नव्हती. यावरून गोष्ट तिथूनच आली असं मी म्हणत नाही, कथा के. पी. कोट्टारक्करांची, संवाद आरूर दास यांचे. पण आनंदनकडे बघताना दिग्दर्शक त्याला कधीच लोभी ठरवत नाही हे नीट बघा.

तिरकी_मान

भीमसिंगांचं माहीत नव्हतं, भारीच.

मी हिंदीवाला "राखी" (१९६२) आधी पाहिला होता, लहानपणी दूरदर्शनवर, आणि पासमलर खूप नंतर, त्यामुळे माझा क्रम उलटा आहे. तोही भीमसिंगांचाच, अशोककुमार, वहिदा, प्रदीपकुमार, संगीत रवींचं. अशोककुमारला फिल्मफेअर मिळालं त्यासाठी. पण दोन्ही पाहिल्यावर शेवट वेगळा वाटतो आणि का ते मी बरेच दिवस शोधत होते.

एक म्हणजे वय. पासमलरच्या वेळी शिवाजी बत्तीस वर्षांचा, सावित्री त्याहून थोडी लहान, दोघं एकाच खोलीत एका ताटात वाढलेली वाटतात. अशोककुमार तेव्हा पन्नाशी ओलांडलेला आणि वहिदा चोवीस वर्षांची, मग तो भाऊ न वाटता बापच वाटतो, आणि बाप मेल्यावर मुलगी पण मरते हे पचत नाही. तमिळमध्ये हजार रुपये तिने दिलेत, ती त्याची पहिली भांडवलदार आहे, भागीदारच म्हणा ना, हे शेवटपर्यंत लक्षात राहतं.

दुसरं म्हणजे नाव. तमिळनाडूत राखी बांधायची जुनी पद्धत नाही, त्या पौर्णिमेला तिथे आवणी अविट्टम, जानवं बदलायचा दिवस. हिंदीत पिक्चरचं नावच राखी ठेवलं की प्रेक्षक तिकीट काढतानाच ठरवून येतो की ही भावाबहिणीची गोष्ट आहे, मग कारखाना, मालक, मजूर सगळं मागे पडदा रंगवल्यासारखं उरतं.

अडाणी_प्रेक्षक

सगळं वाचलं. एवढं डोकं लावून रडायचं असतं का? आमच्या आईने माहेरची साडी बघताना कधी वर्गसंघर्ष शोधला नाही, रुमाल शोधला.

गवतीचहा

अडाणी, रुमाल मीपण शोधला हो, म्हणून तर राग आलाय. रडून झाल्यावर वाटलं की आपल्याला गुंडाळलं.

मु_पो_अड्यार, आत्याबद्दल तुमचं वाचून थोडी डळमळले आहे पण पूर्ण नाही. तुम्ही म्हणता ती आनंदनच्या मनातलं बोलते. मग आनंदनला ते स्वतः बोलू का दिलं नाही? एकदाच. एकच सीन असता, आनंदन राजूला म्हणाला असता की बाबा रे तू मला बहीण दिलीस पण दार नाही दिलंस, तर मी शेवटच्या अर्ध्या तासाला हात जोडले असते. नायकाच्या बरोबरीचा माणूस गप्प ठेवायचा आणि म्हाताऱ्या बाईला खलनायिका करायचं ही काय रीत आहे. आणि मालती! राजूची बायको, एम. एन. राजम, चांगली डॉक्टर दाखवलीये १९६१ साली, आणि तिच्या डॉक्टरकीचा उपयोग काय तर शून्य. शेवटात तिला मोजतंय कोण.

@तिरकी_मान, भागीदार हा मुद्दा मस्त. मग उलट विचारते, तिच्या हजार रुपयांवर धंदा उभा राहिला तर तिचं लग्न कोणाशी व्हावं हे ठरवताना तिचं मत घ्यायला राजूला इतका वेळ का लागला?

मु_पो_अड्यार

लागला कारण शेठ झाला होता. हेच तर पिक्चर म्हणतोय की.

आनंदन गप्प आहे याला एक साधं कारणपण आहे, स्टार कोण ते बघा. भीमसिंग आणि शिवाजी यांच्या प-वाल्या पिक्चरांची रांगच होती तेव्हा, पागप्पिरिविनै, पडिक्काद मेदै, पावमन्निप्पु, पासमलर, पालुम पळमुम, आणि प्रत्येकात घर मोडतं, शिवाजी सोसतो, बायका रडतात. हिंदीवाल्यांनी त्यातले बरेच उचलले, पागप्पिरिविनैचा खानदान झाला, पडिक्काद मेदैचा मेहरबान. शिवाजीने सोसायचं म्हटलं की बाकीच्यांनी थोडं कमी बोलायचं हे ओघाने आलंच.

पण मला शेवटापेक्षा अंगाईबद्दल बोलायचंय, कारण शेवट तिथेच लिहून ठेवलाय. "मलर्न्दुम मलराद", विश्वनाथन-राममूर्तींची चाल, कण्णदासनचे शब्द, सौंदरराजन आणि सुशीला. भाऊ आणि बहीण वेगवेगळे, आपापल्या लेकराला झोपवताना एकच गाणं गातात, एकमेकांना ऐकू न जाता. आणि त्यात आशीर्वाद काय दिलाय? की तू मोठा हो, हत्तीदळ घेऊन सैन्यं जिंक, आणि आत्याच्या मुलीशी लग्न कर. मामा सोन्याचं घड्याळ आणि हिरे घेऊन बोलणी करायला येईल. आता तुम्हाला मी काय सांगू, आपल्याकडे मामाची मुलगी करतातच की कितीतरी घरांत, तमिळनाडूत तर तो हक्कच धरतात. म्हणजे ती दोघं भांडणाच्या ऐन मध्यात आपली पोरं एकमेकांना देऊन टाकतायत.

आता याचा हिशोब लावा. मालकाचं मूल आणि कामगाराचं मूल यांचं लग्न झालं की इस्टेट एका घरात, नातं एका घरात, मालक-नोकर हा फरकच उरत नाही. उत्तर दिलंय पिक्चरने, फक्त ते पुढच्या पिढीवर ढकललंय. आणि ते व्हायचं तर मोठ्यांनी वाटेतून बाजूला व्हायला हवं, अट घालणारा आणि जिच्यासाठी अट घातली ती, दोघांनीही.

बाळ्या_गिरणगाव

वा. म्हणजे संप मिटवायचा उपाय काय, तर मालकाच्या घरात सोयरीक. दोनशे कामगार असतील तर मालकाला मुली किती लागतील?

(कौतुकच करतोय. पण हे उत्तर नाही हो, ही पळवाट झाली. अंगाई अप्रतिम आहे यात वाद नाही.)

माटुंगा_ईस्ट

बाळ्याभाऊ 😂

अंगाईचा मुद्दा शंभर टक्के. आमच्या अक्का ते गाणं भांडी घासताना म्हणायच्या आणि मला वाटायचं देवाचं आहे.

अजून एक, सावित्री आणि जेमिनी गणेशन यांचं खऱ्या आयुष्यात लग्न झालेलं होतं तेव्हा, आणि लोकांना ते माहीत होतं. पडद्यावर खरं जोडपं नवराबायको म्हणून उभं आहे आणि तरीही थिएटरमधला एकूणएक माणूस भावाकडे बघून रडतोय, हे सावित्रीचं काम आहे. त्याच सावित्रीने पुढच्याच वर्षी पासमलरच्या तेलुगू रिमेकमध्ये, रक्तसंबंधममध्ये, एनटीआरची बहीण केली, ज्याच्याबरोबर ती मिस्सम्मात नायिका होती. आणि शिवाजीबरोबर पुढे तिरुविळैयाडलमध्ये शिवपार्वती! आपल्याकडे एकदा भाऊ झाला की लोक त्या जोडीला नायक-नायिका म्हणून बघणारच नाहीत असं म्हणतात, तिथे काही अडलं नाही.

सोलापुरी_चादर

उशिरा आले, पण एक राहूनच गेलंय. डोळे.

राजूचे डोळे का घालवले यावर कोणीच बोललं नाही. मला तो भाग सुरुवातीला अतीच वाटला, आधीच फकीर झालाय, परत आलाय, आता आंधळापण करा, काय राहिलंय मग. पण विचार करा, हा माणूस शेठ झाल्यापासून सतत बघतोय. कोण आपल्या बरोबरीचा, कोण खालचा, कोणाचे कपडे कसे, बहिणीकडे कोण कसं बघतोय. डोळे गेल्यावर त्याला बहिणीचा हात तेवढा कळतो. आणि मग बडबडगीत, हात हलव बाळा, हात हलवत दुकानात जाऊ, असलं काहीतरी, जे पोर चालायला लागायच्या आधी म्हणतात. खेळण्यांचा कारखाना ज्याच्या जिवावर उभा राहिला त्या खेळाकडेच परत. शिवाजीचा आवाज तिथे इतका खालचा लागतो की पूर्ण पिक्चरभर केलेली सगळी गडगड विसरायला होते.

गडगड मला आवडत नाही, खरं सांगते. मधला एक तास मी पुढे ढकलत पाहिला. पण शेवटच्या त्या मिनिटांत तो नट ओव्हर करत नाही.

तिरकी_मान

डोळ्यांचं पटलं.

पण दिवाळीचं आपण मराठी लोक चुकीचं वाचतो असं मला वाटतं. माझ्या सासूबाई शेवट बघून लगेच म्हणाल्या, "बघ, भाऊबीजेलाच आला." तमिळ दिवाळीत भाऊबीज नसते ना, त्यांची मुख्य दिवाळी नरकचतुर्दशीची, पहाटे तेलाची अंघोळ, नवे कपडे, फटाके. त्या घरात सगळ्यांना नवे कपडे मिळायचा दिवस आणि घराचा कर्ता फाटक्या अंगाने बाहेर. तिथे ओवाळणीचा भाव आपण आपल्या घरून नेऊन घालतो.

मु_पो_अड्यार

बरोबर. त्या सणात धाकट्यांना कपडे घ्यायचे हे मोठ्याचं काम असतं, म्हणून तो रिकाम्या हाताने येतो हे तिथल्या माणसाला जास्त लागतं.

शिवाय मामा. तिथे बहिणीच्या पोरांचं कान टोचणं, मुलीचं वयात येणं, लग्न, प्रत्येक वेळी ताट घेऊन मामा आला पाहिजे, सीर म्हणतात त्याला. भारतीराजाचा किळक्कु चीमैयिले (१९९३) पूर्ण त्यावर उभा आहे, संगीत रहमानचं, जमला तर बघा, गावाकडचा पासमलर म्हणतात त्याला. आणि परवापरवा रजनीचा अण्णात्ते (२०२१) आला, त्यात बहीण कीर्ती सुरेश, म्हणजे जिने महानटीत सावित्रीच केली होती तीच. तो पिक्चर मात्र बघू नका, भाऊ बहिणीसाठी मारामारीच करत सुटतो, पासमलरमधल्या राजूला निदान कळत तरी होतं की चूक आपली आहे.

अडाणी_प्रेक्षक

रजनी आमचा माणूस आहे, गायकवाड, त्याला काही बोलायचं नाही.

माटुंगा_ईस्ट

मग शिवाजीपण आपलाच धरा, अण्णादुरैंच्या नाटकात महाराज केले म्हणून पेरियारांनी शिवाजी नाव दिलं त्याला. मूळचा नुसता गणेशन.

गवतीचहा

धागा भरकटायच्या आत. अंगाई आणि डोळे दोन्ही मान्य, घराच्या अटीचा मुद्दा तर सगळ्यात जास्त मान्य, त्या नजरेने मधला भाग परत बघणार आहे. पण राधाबद्दल माझं मत आहे तिथेच आहे. मु_पो_अड्यार म्हणतात मोठ्यांनी बाजूला व्हायचं म्हणून दोघं गेली. मग आनंदन मोठा नाही का? तो राहिला की. घर त्याच्याकडे, पोरं त्याच्याकडे, आणि ज्या आत्यामुळे हे झालं तिला घरात आणणाराही तोच. अट घालणारा मेला, अट पाळणारी मेली, आणि ज्याने अट कधी मोडलीही नाही आणि नीट पाळलीही नाही तो शिल्लक. ते लग्न लावायला मामा येणार होता ना घड्याळ घेऊन? आता बोलणी कोण कोणाशी करणार, आनंदन आनंदनशी?

बाळ्या_गिरणगाव

पुढारी आहे तो, दोन्ही बाजूंनी बोलणी करायची सवय असते.